एक चाप की दोन? दुनळी बंदूक निवडणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दुनळी बंदूक घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याला नळ्या शेजारी-शेजारी असाव्यात की एकीवर एक, याविषयी भरपूर सल्ले मिळतात. चापाचा विषय मात्र ‘एक चाप सोपा, दोन चाप जुने’ एवढ्या एका वाक्यात मिटवला जातो. पहिला बार काढताना दोन्ही प्रकारांत काहीच फरक जाणवत नाही, हे खरे आहे. फरक पडतो तो दुसऱ्या बाराच्या वेळी, आणि दुनळी बंदूक घेण्याचे कारणच मुळी दुसरा बार हे असते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांत एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा: दुसरा बार कोणत्या नळीतून, कधी आणि कशाच्या भरवशावर सुटणार आहे?

शब्दांविषयी आधीच एक खुलासा करतो. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा चाप ओढल्याचेच सांगत असतो. या लेखात चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग आणि घोडा म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने सुटून काडतुसावर आघात करणारी पिन ठोकणारा भाग, असा भेद कटाक्षाने पाळला आहे. घोड्याला रोखून धरणारा जो लहानसा अडसर असतो, त्याला कारागीर ‘सिअर’ म्हणतात. चाप ओढला की सिअर सरकतो आणि घोडा सुटतो. दुनळी बंदुकीत घोडे दोन आणि सिअरही दोन असतात. प्रश्न फक्त त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या चापांचा आहे.

पहिली पायरी: बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करावी

ज्या देशात आपण राहतो तेथील परवान्याचे नियम पूर्ण करून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच हे सारे शिकावे. बंदूक हातात घेताच ती बिजागरीवर वाकवून उघडावी, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे आणि नळीचे तोंड सतत सुरक्षित दिशेला ठेवावे. बोट चापावर नव्हे, तर चापाभोवतीच्या कड्याच्या बाहेर, बाजूला सरळ टेकलेले असावे. दोन चापांच्या बंदुकीत हा नियम अधिकच कडक पाळावा लागतो, कारण बोट चुकून आत गेले तर त्याच्या वाटेत एक नव्हे, दोन चाप असतात. दुनळी बंदुकांची सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते, घोडे नव्हे. म्हणून सेफ्टी लावली आहे या भरवशावर भरलेली बंदूक कोणाकडेही रोखू नये आणि जमिनीवर आपटूही नये. चांगल्या बंदुकांत घोडा धक्क्याने निसटल्यास त्याला मध्येच अडवणारा आणखी एक, जादा सिअर असतो, पण तो सर्वच बंदुकांत नसतो.

दुसरी पायरी: दोन चापांची रचना समजून घ्यावी

दोन चापांच्या बंदुकीत प्रत्येक चाप आपापल्या घोड्याशी थेट जोडलेला असतो. शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीत सामान्यतः पुढचा चाप उजवी नळी सोडतो आणि मागचा चाप डावी. एकीवर एक नळ्यांच्या बंदुकीत पुढचा चाप बहुधा खालच्या नळीचा आणि मागचा वरच्या नळीचा असतो. या दोन नळ्यांचे चोक, म्हणजे तोंडाशी केलेली निमुळती चण, वेगवेगळी असते. बारा बोअरच्या बंदुकीत नळीच्या व्यासात सुमारे ०.२५ मिलिमीटर घट केली तर छर्रे लवकर पसरतात आणि जवळच्या लक्ष्यासाठी ती नळी सोयीची ठरते. सुमारे १ मिलिमीटर घट केली, ज्याला फुल चोक म्हणतात, तर छर्रे दूरपर्यंत दाटीने जातात. जुन्या प्रथेप्रमाणे उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट ठेवतात.

दोन चापांचे खरे वैभव येथे दिसते. समोरून पक्षी उठून दूर जात असेल तर पहिला बार जवळून आणि दुसरा लांबून काढावा लागतो, म्हणून आधी पुढचा चाप ओढायचा आणि मग मागचा. पक्षी समोरून आपल्याकडे येत असेल तर हिशेब उलटा होतो. पहिला बार लांबच्या पक्ष्यावर घट्ट नळीचा हवा, तेव्हा मागचा चाप आधी ओढायचा. ही निवड बंदूक खांद्याला लावत असताना, कसलीही कळ न फिरवता, केवळ बोट कोठे ठेवले यावरून होते. सराव झालेल्या माणसाला तिच्यासाठी वेगळा विचारही करावा लागत नाही.

दुसरा गुण साधेपणाचा आहे. एका बाजूचा सिअर झिजला, स्प्रिंग तुटली किंवा काडतूस फुसके निघाले तरी दुसऱ्या बाजूवर त्याचा काही परिणाम होत नाही. एका दस्त्यावर बसवलेल्या या दोन स्वतंत्र बंदुकाच आहेत, असे म्हटले तरी चालेल. मोठ्या आणि धोकादायक जनावरांसाठी बनवलेल्या दुनळी रायफलींत आजही दोन चापांना पसंती मिळते ती याच कारणाने.

तिसरी पायरी: एका चापातील दोन प्रश्न वेगळे करावेत

‘एक चाप’ म्हणजे एकच वस्तू, असा समज घेऊन नवशिका दुकानात जातो आणि तेथेच फसतो. एका चापाच्या बंदुकीविषयी दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न असा की, आधी कोणती नळी सुटावी हे आपल्याला ठरवता येते का? काही बंदुकांत क्रम कायमचा ठरलेला असतो. एकीवर एक नळ्यांच्या बंदुकीत आधी खालची सुटते, कारण खालच्या नळीचा धक्का खांद्याच्या रेषेत सरळ मागे येतो, तोंड कमी उसळते आणि दुसऱ्या बारासाठी नेम लवकर सावरता येतो. काही बंदुकांत क्रम बदलण्यासाठी निवडकळ असते. ती पुष्कळदा वरच्या सेफ्टीतच बसवलेली असते, तर काहींत चापावर किंवा त्याच्या मागे. निवडकळ ऐकायला फार उपयोगी वाटते. परंतु पक्षी उठल्यावर ती फिरवायला वेळ मिळत नाही, आणि हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याच्या मैदानावर कोणत्या क्रमाने बार काढायचे ते आधीच ठरलेले असते. माझ्या मते निवडकळीसाठी नवशिक्याने जास्तीचे पैसे मोजू नयेत. ती आपोआप मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो विचारणारे थोडे असतात: पहिल्या बारानंतर चापाचा संबंध दुसऱ्या घोड्याशी कशामुळे जोडला जातो? याची दोन उत्तरे आहेत. ‘मेकॅनिकल’ यंत्रणेत आपण चाप सोडला की आतली कळ दुसऱ्या सिअरकडे वळते; पहिला बार प्रत्यक्ष उडाला की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसते. ‘इनर्शिया’ यंत्रणेत मात्र आत एक लहानसे वजन असते. पहिल्या बाराच्या धक्क्याने ते हलते आणि मगच चाप दुसऱ्या घोड्याशी जोडला जातो. धक्का बसलाच नाही तर वजन हलत नाही आणि चाप कितीही ओढला तरी दुसरा बार निघत नाही.

मग अशी धक्क्यावर अवलंबून असणारी यंत्रणा कोणी मुद्दाम का करावी? याचे उत्तर शोधताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले बंदूक-कारागीर चांगलेच हैराण झाले होते. एका चापाच्या सुरुवातीच्या बंदुका खांद्याला लावून उडवल्या की दोन्ही बार जवळजवळ एकदम सुटत, आणि बार काढणारा शपथेवर सांगे की मी चाप एकदाच ओढला. तो खोटे बोलत नव्हता. बंदूक धक्क्याने मागे जाते तेव्हा चाप क्षणभर बोटापासून सुटतो. खांद्याने बंदूक अडवली की ती किंचित पुढे उसळते आणि आवळलेल्या बोटावर चाप पुन्हा दाबला जातो. ही नकळत होणारी दुसरी ओढ इतकी झटपट असते की ती माणसाला जाणवतच नाही. लंडनच्या बॉस अँड कंपनीचे जॉन रॉबर्टसन यांनी १८९४ साली पेटंट घेतलेल्या चापात ही ओढ गृहीत धरली होती: पहिल्या ओढीला पहिला बार, मधली नकळत ओढ रिकामी जाणार आणि तिसऱ्या ओढीला दुसरा बार. हलणाऱ्या वजनाची युक्ती त्याच अडचणीवरचा दुसरा उपाय आहे. जुन्या घराण्याच्या बंदुकांनाही एका चापाकडे वळायला वेळ लागला. जॉन ब्राउनिंग यांची एकीवर एक नळ्यांची प्रसिद्ध ‘सुपरपोज्ड’ आरंभी दोन चापांचीच होती आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र व्हॅल यांनी तिच्यासाठी एका चापाची यंत्रणा तयार केली.

आजच्या बंदुकांत दोन्ही पद्धती मुबलक आढळतात. बेरेटाच्या ६८० मालिकेतील बंदुका इनर्शियाच्या आहेत, ब्राउनिंगची सिटोरी ७२५ मेकॅनिकल आहे आणि पेराझीच्या स्पर्धेच्या बंदुकाही मेकॅनिकल असतात. यावरून एक पद्धत उत्तम आणि दुसरी कनिष्ठ असा निष्कर्ष काढू नये. दोन्हींनी मैदाने गाजवली आहेत. इनर्शियाचा दोष दोन प्रसंगी उघड होतो. एक, पहिले काडतूस फुसके निघाले तेव्हा. आणि दोन, फारच हलके काडतूस वापरल्यामुळे, बंदूक खांद्याला सैल धरल्यामुळे किंवा आतले वंगण घट्ट झाल्यामुळे वजन पुरेसे हलले नाही तेव्हा.

चौथी पायरी: खोट्या काडतुसांनी परीक्षा करावी

विक्रेता काय सांगतो यावर न थांबता ही परीक्षा स्वतः करावी. तिच्यासाठी खोटी काडतुसे, म्हणजे ज्यांत दारू नसते आणि पिनेचा आघात झेलायला स्प्रिंग असते अशी, दोन लागतात. रिकाम्या नळीवर घोडे सोडणे पिनांना हानिकारक ठरू शकते, म्हणून त्यांच्यावाचून हा प्रयोग करू नये. बंदुकीच्या मालकाची परवानगीही आधी घ्यावी.

दोन्ही खोटी काडतुसे घालून बंदूक बंद करावी, तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे, सेफ्टी काढावी आणि चाप ओढावा. एक ‘टक’ ऐकू येईल. चाप पूर्ण सोडून पुन्हा ओढावा. दुसरी ‘टक’ लगेच ऐकू आली तर चाप मेकॅनिकल आहे. ती ऐकू आली नाही तर दस्त्याच्या मागच्या टोकाला तळहाताने जोरात थाप द्यावी आणि मग चाप ओढावा. आता ‘टक’ झाली तर चाप इनर्शियाचा आहे आणि ठीक चालतो आहे. थाप देऊनही काही होत नसेल तर ती बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. निवडकळ असल्यास ती दुसऱ्या बाजूला करून हाच क्रम पुन्हा तपासावा. दोन चापांच्या बंदुकीत दोन्ही चाप दोन्ही क्रमांनी, म्हणजे आधी पुढचा मग मागचा आणि आधी मागचा मग पुढचा, असे ओढून पाहावेत, आणि एक ओढताना दुसरा घोडा निसटत नाही ना, याकडे कान ठेवावा.

शक्य असल्यास चाप किती जोराने सुटतो तेही वजनकाट्याने मोजून घ्यावे. साधारणपणे १.६ ते २ किलो ही समाधानकारक मर्यादा असते. दोन चापांपैकी मागचा चाप पुढच्यापेक्षा थोडा जड ठेवण्याची जुनी रीत आहे. नवशिक्याला हलका चाप फार मोहक वाटतो, पण एकदम दोन बार सुटण्याच्या दोषाचे मूळ पुष्कळदा घासून हलक्या केलेल्या सिअरमध्येच असते.

पाचवी पायरी: दस्ता आणि हात यांचा मेळ पाहावा

दोन चापांमध्ये सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाचे अंतर असते. याचा अर्थ असा की, एकच दस्ता पुढच्या चापासाठी जितका लांब असतो त्यापेक्षा मागच्या चापासाठी इंचभर आखूड होतो. दस्त्याची लांबी मोजताना ती कोणत्या चापापासून मोजली आहे, हे म्हणूनच विचारले पाहिजे. दोन चापांच्या बंदुकीत ती पुढच्या चापापासून मोजतात. सरळ मुठीचा, ज्याला इंग्लिश म्हणतात तो दस्ता दोन चापांबरोबर दिसतो तो केवळ देखणेपणासाठी नव्हे. त्यावर मूठ मागे सरकवता येते आणि पहिल्या बारानंतर पूर्ण हात मागच्या चापाशी जुळतो. पिस्तुलासारख्या वळणदार मुठीत हात अडकून राहतो आणि बोटालाच ताणून मागे न्यावे लागते. ज्यांचा हात फार लहान किंवा फार मोठा आहे त्यांनी हे प्रत्यक्ष धरून पाहावे.

आणखी एक तपशील जाता जाता तपासावा. मागचा चाप ओढल्यावर धक्क्याने पुढच्या चापाची मागची कड बोटावर आपटते आणि शेकडो बारांच्या दिवशी तेथे चांगलाच वळ उठतो. चांगल्या बंदुकांत पुढचा चाप बिजागरीचा असतो. तो मागून दाब आला की पुढे वळतो. जाड हातमोजे घालून बंदूक चालवायची असेल तर एकच चाप घेणे शहाणपणाचे, कारण दोन चापांच्या मध्ये मोजे घातलेले बोट नीट शिरत नाही आणि बोट शिरत नसताना नुसता अंदाज बांधणे धोक्याचे असते.

सहावी पायरी: उपयोगावरून निर्णय घ्यावा

मुख्यतः मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा असेल, म्हणजे ट्रॅप, स्कीट किंवा स्पोर्टिंग, तर एका चापाची, एकीवर एक नळ्यांची बंदूक घ्यावी, आणि फार विचार करू नये. मैदानावर दुसरा बार लवकर आणि एकाच पकडीने निघणे हा मोठा लाभ आहे, काडतुसे एकसारखी असतात, आणि बार न उडाल्यास काय करायचे याचे नियम ठरलेले असतात. ट्रॅपच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. एवढ्या वजनावर चांगली इनर्शिया यंत्रणा ठीक चालते. त्याहून हलकी काडतुसे वापरण्याचा विचार असेल, किंवा घरी खोट्या काडतुसांनी दोन-दोन बारांचा सराव करायचा असेल, तर मेकॅनिकल चाप निवडावा.

मोकळ्या रानात, जेथे अंतर क्षणाक्षणाला बदलते, तेथे दोन चापांचे पारडे जड होते. शेजारी-शेजारी नळ्यांची, सरळ दस्त्याची हलकी बंदूक घेणाऱ्याने दोन चापच घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. जुनी, वापरलेली बंदूक घेत असाल तर हा आग्रह दुप्पट समजावा. शतकापूर्वीच्या एका चापाच्या यंत्रणा नाजूक आणि गुंतागुंतीच्या असत, त्यांचे भाग आता सहज मिळत नाहीत, आणि त्या दुरुस्त करणारे हातही थोडेच उरले आहेत. तशीच जुन्या दोन चापांच्या बंदुकीत नंतर कोणी एक चाप बसवून घेतला असेल तर ती दुरूनच बघावी. दोन चापांची जुनी बंदूक मात्र एखादी स्प्रिंग बदलून पुन्हा कामाला लागते.

दोन्ही प्रकारांच्या बंदुका जवळ ठेवणाऱ्यांना एक अडचण येते. एका चापाची सवय झालेला माणूस घाईत पुढचाच चाप दोनदा ओढतो आणि दुसरा बार का निघाला नाही म्हणून चकित होतो. उलट, दोन चापांची सवय असलेल्याचे बोट एका चापाच्या बंदुकीत नसलेला मागचा चाप शोधत राहते. शिकण्याच्या पहिल्या वर्षात म्हणूनच एकच प्रकार धरून राहावा.

सातवी पायरी: बोटाला वळण लावावे

दोन चाप निवडले असतील तर खोट्या काडतुसांसह रोज १० मिनिटांचा सराव पुरतो. बंदूक खांद्याला लावावी, पुढचा चाप ओढावा, मूठ सैल न करता हात किंचित मागे सरकवावा, मागचा चाप ओढावा. घाई करू नये. आधी हात सरकतो आणि मग बोट ओढते, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. काही नवशिके तर्जनी पुढच्या चापावर आणि मधले बोट मागच्या चापावर ठेवून बसतात. हे कधीही करू नये, कारण पहिल्या धक्क्याने मधले बोट आवळले जाते आणि दोन्ही बार एकदम खांद्यावर येतात. एक चाप निवडला असेल तर पहिल्या बारानंतर चाप पूर्णपणे सोडण्याची सवय लावावी. अर्धवट सोडलेला चाप दुसऱ्या सिअरशी जुळत नाही आणि दोष बंदुकीचा आहे असे वाटते.

बार उडाला नाही तर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. तोंड सुरक्षित दिशेला तसेच ठेवून ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिराने पेटू शकते. मग बंदूक उघडून ते काढावे. दोन चापांचा किंवा मेकॅनिकल चापाचा मालक दुसरा बार लगेच काढू शकतो, पण नवशिक्याने तो मोह टाळावा. बार उडाला पण आवाज दबका आला तर काडतुसातली, दारू आणि छर्रे यांच्यामधली पुडी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी नळीतून उजेड दिसल्याशिवाय पुन्हा काडतूस भरू नये.

मैदानावरच्या पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी एकच काडतूस भरावे. दोन चाप असतील तर पहिल्या फेरीत फक्त पुढच्या चापाचे, दुसऱ्या फेरीत फक्त मागच्या चापाचे बार काढावेत, आणि मागचा चाप ओढताना बोट कोठे लागते ते पाहावे. एक चाप असेल तर निवडकळीला हात न लावता आधी सुटणाऱ्या नळीतच काडतूस घालावे. हे सारे डोळे न वळवता होऊ लागले की दोन काडतुसे भरावीत, जवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला तसे सांगावे आणि मग पहिल्या बारानंतर दुसरा काढावा.